ओवाळणीतला वाघ

बाळकुम, ठाणे
१८ डिसेंबर २०२४

ती. रतनताईस,
सा. नमस्कार.

पेंचहून परवा परतलो. फोनच करणार होतो, पण भाऊबीजेला तू बजावलंस, "सहलीचं वर्णन पत्रात लिही, फोनवर मी तुझं एक वाक्य पुरं होऊ देत नाही." म्हणून हे पत्र. पोस्टात पाकीट मागितलं तर तिथल्या मुलीने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी कवड्या मोजून देणार होतो.

ताई, काय सांगू! दुसऱ्या दिवशी सकाळी आमची जिप्सी एका वळणावर थांबली आणि समोर वाघ. माझ्यापासून हातभर अंतरावर. त्याचे डोळे माझ्या डोळ्यांत. चांगली पाच मिनिटं आम्ही एकमेकांकडे बघत होतो. बाकीचे सगळे खाली वाकले, मी एकटा ताठ उभा. गाईड म्हणाला, "साहेब, तुमच्यासारखा माणूस पाहिला नाही." मी फोटोसुद्धा काढला नाही. काही क्षण कॅमेऱ्यासाठी नसतात.

पण खरं सांगू? मनात राहिले ते कोल्हे. संध्याकाळी परतताना तळ्याच्या काठी एक जोडी आली. सडपातळ पाय, झुबकेदार शेपटी खाली सोडलेली, टोकाला काळी. पाणी प्यायले, मान वळवून आमच्याकडे एकदा बघितलं आणि आपल्या वाटेने गेले. मग झाडीतून एकाने सूर लावला, दुसऱ्याने उचलला आणि सगळं रान त्या आवाजाने भरून गेलं. माझ्या अंगावर काटा आला. हा आवाज मी जन्मात विसरणार नाही. ज्याच्या उशाशी कोल्हे गातात तो माणूस भाग्यवान. आपण शहरातली माणसं करंटी. आपण त्यांची घरं घेतली आणि वर त्यांनाच उपरे म्हणतो.

असो. भाऊबीजेला तुला शब्द दिलाय, या वर्षीची ओवाळणी म्हणजे वाघ. मार्चमध्ये कान्हा. जिप्सीत सहा जागा असतात, त्यातली एक तुझी. मातकट रंगाचे कपडे शिवून घे, जंगलात भडक रंग चालत नाहीत. गुडघ्यांचे व्यायाम सोडू नकोस. निशिगंधा नमस्कार सांगते.

तुझा,
त्र्यंबक


डोंबिवली (पूर्व)
२८ डिसेंबर २०२४

चि. त्र्यंबक,

आशीर्वाद आहेतच. पुरतील का, हे पत्र वाचून ठरव.

तुझं पत्र ठाण्याहून डोंबिवलीला यायला आठवडा लागला. पेंचचा वाघ चालत निघाला असता तर बहुधा आधी पोचला असता.

ठाण्याच्या कोर्टात लघुलेखक म्हणून मी तीस वर्षं लोकांच्या साक्षी उतरवून घेतल्या. तुझीही त्याच डोळ्यांनी वाचली. साक्षीदार म्हणतो, वाघ हातभर अंतरावर होता. साक्षीदाराच्या बायकोने मला जो फोटो पाठवला, त्यात गवत आहे, गवतामागे गवत आहे आणि त्याच्यामागे एक शेपूट आहे. ती गाईच्या नावावरही खपेल. साक्षीदार म्हणतो, बाकीचे वाकले, मी ताठ उभा होतो. फोटोत सीटखाली वाकलेला जो माणूस दिसतो, त्याच्या डोक्यावर तुझी टोपी आहे. मीच दिलेली. तू ती दुसऱ्याला उसनी दिली होतीस का?

गाईडचं मात्र खरं आहे. तुझ्यासारखा माणूस मीही पाहिला नाही.

कोल्ह्यांचा परिच्छेद चांगला उतरला आहे. तो तू खरंच पाहिलेला दिसतोस, कारण त्यात तू स्वतः कुठे मिरवत नाहीस. ते पान मी जपून ठेवलं.

आता माझं. मी एकाहत्तर वर्षांची आहे. मोकळा जंगली प्राणी म्हणून आयुष्यात मी एक साप पाहिला, कोर्टाच्या रेकॉर्ड रूममध्ये, तोही शिपायाने आधीच मारलेला. वाघाशिवाय माझं काही अडलेलं नाही. पण एकदा तरी एखादं जनावर त्याच्या घरी, त्याच्या मर्जीने फिरताना बघावं, पिंजऱ्याशिवाय आणि टीव्हीशिवाय, अशी माझी इच्छा आहे. मी आजवर तुझ्याकडे काही मागितलेलं नाही. हे तू आपणहून कबूल केलंस आणि मी ते धरून बसले आहे.

मातकट रंगाचे दोन पंजाबी ड्रेस शिवून घेतले. घालून खाली उतरले तर वॉचमन म्हणाला, "मॅडम, कुठली एजन्सी?" रोज आमचे तीन मजले दोनदा चढते-उतरते. गुडघे कुरकुरतात. मी लक्ष देत नाही. लक्ष दिलं की त्यांना चढतं.

मार्चची तारीख कळव.

रतन


बाळकुम, ठाणे
१० फेब्रुवारी २०२५

ती. रतनताईस,
सा. नमस्कार.

कान्ह्याची तारीख ठरली, १ ते ११ मार्च. ताई, तुला एक गोष्ट जरा शांतपणे सांगायची आहे. निशिगंधा म्हणाली, फोनवर सांगा, पण मला धीर झाला नाही.

मी तुझ्या गुडघ्यांचा खूप विचार केला. जिप्सी फार आदळते. तिथे सकाळी थंडी असते. दवाखाना लांब. तुला काही झालं तर मी स्वतःला माफ करू शकणार नाही. म्हणून काळजावर दगड ठेवून तुझ्या जागी साईनाथला घेतलं. साईनाथ म्हणजे आमचे चेअरमन चांगदेवशेठ यांचा जावई. त्याच्याकडे हातभर लांबीची लेन्स आहे. चांगदेवशेठ भला माणूस, आपली सोसायटी उभी आहे ती जमीन मूळची त्यांचीच, त्यांना नाही म्हणता येत नाही. आमच्या दुसऱ्या गाडीच्या पार्किंगचाही प्रश्न त्यांच्या हातात आहे, पण त्याचा याच्याशी काही संबंध नाही.

तुला वाईट वाटू नये म्हणून एक कल्पना सुचली. आम्ही नसताना तू आमच्याकडे ये. तिसरा मजला, समोर खाडी, लिफ्ट आहे. हवापालट होईल. कुंड्यांना पाणी घालायचं, कामवालीला दार उघडायचं, बाकी आराम.

आणि एक छोटंसं काम. ९ तारखेला सोसायटीची मीटिंग आहे. मी सेक्रेटरी, पण हजर नसणार. विषय भटक्या कुत्र्यांचा. मागच्या कंपाउंडपलीकडे खाडीकाठच्या तिवरांच्या झाडीत कुत्र्यांची टोळी आहे. तिन्हीसांजेला आणि पहाटे अशी विव्हळतात की खिडक्या बंद करूनही निशिगंधाची झोप उडते. मी अर्ज तयार ठेवलाय, कुत्री पकडणाऱ्या गाडीसाठी, आणि भिंतीवर खाडीच्या दिशेने मोठे फ्लडलाइट बसवायचे आहेत. सह्या झाल्यात. मीटिंगमध्ये फक्त माझं लिहिलेलं वाचून दाखव. कागद टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये आहे. तुझ्या आवाजात वजन आहे, कोणी उलट बोलणार नाही.

पुढच्या वेळी तुझी जागा नक्की.

तुझा,
त्र्यंबक


डोंबिवली (पूर्व)
१९ फेब्रुवारी २०२५

चि. त्र्यंबक,

तुझा काळजावर दगड वाचला. त्याच्यावर दुसरी गाडी उभी राहील एवढा सपाट आहे का तो, बघून घे.

भाऊबीजेला भावाने साडी देतो म्हणून रुमाल दिल्याचं मी ऐकलं होतं. वाघ देतो म्हणून कुंड्या देणारा भाऊ आमच्या घरात निघाला.

येते. नाही म्हटलं असतं, पण झाडांनी माझं काही बिघडवलेलं नाही. तुझं लिहिलेलं मीटिंगमध्ये वाचीन. ड्रेस शिवलेले आहेत, तेही घेऊन येते.

कान्ह्यात नीट राहा. साईनाथच्या लेन्सपेक्षा वाघ जवळ आला तर वाकायला जागा ठेव.

रतन


बाळकुम, ठाणे
९ मार्च २०२५, रविवार

चि. त्र्यंबक,

हे पत्र पोस्टात टाकत नाही. तुझ्या फ्रीजवर वाघाची सहा मॅग्नेट आहेत, त्यातल्या सगळ्यात रागीट वाघाखाली लावून उद्या सकाळी निघते. आल्यावर आधी पाणी पी, मग वाच.

डोंबिवलीहून तुझ्याकडे येणं हीच मुळात सफारी आहे. शीळफाट्याला रिक्षा अडकली. पुढे कंटेनर, मागे कंटेनर, मध्ये आम्ही. रिक्षावाला म्हणाला, "आजी, इथे एकदा घुसलं की निघणं आपल्या हातात नाही." हेच वाक्य तुझ्या गाईडने म्हटलं असतं तर तू त्यावर दोन पानं लिहिली असतीस.

घर छान आहे. दिवाणखान्यात वाघ, गेस्टरूममध्ये हत्ती, संडासाच्या दारावर गेंडा. सोसायटीचं नाव 'अरण्य हाइट्स', तुमची विंग 'टायगर'. अरण्याच्या बाजूची बाल्कनी मात्र तुम्ही काचेने बंद केली आहे आणि तिच्यापुढे कपड्यांचा स्टँड लावला आहे. पहिल्याच दिवशी मी स्टँड हलवला, काच सरकवली आणि संध्याकाळी खुर्ची टाकून बसले. मातकट ड्रेस घालून बसले. शिवलाच होता.

तिन्हीसांजेला तुझी कुत्री ओरडायला लागली.

एकाने सूर लावला, दुसऱ्याने उचलला. मी कोर्टात माणसांचा आवाज ऐकून ते खरं बोलतात की खोटं, ते ओळखायला शिकले होते. हा आवाज कुत्र्याचा नव्हता. मी अंधार पडेपर्यंत बसून राहिले, काही दिसलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसले. तिवरांमधून जुन्या मिठागराचा बांध येतो ना, त्यावर ऊन उतरत असताना एक जनावर आलं. सडपातळ पाय. झुबकेदार शेपटी खाली सोडलेली, टोकाला काळी. मागून दुसरं. पहिल्याने चिखलातून खेकडा उकरून काढला आणि कुडुमकुडुम खाल्ला. मग दोघांनी मान वळवून वर बघितलं. माझ्याकडे बघितलं असं मी म्हणणार नाही, तो तुझा प्रांत आहे. या बाजूला बघितलं, एवढंच. आणि गेले.

त्र्यंबक, मी उठून आत गेले आणि पाणी प्यायले. मग पुन्हा बाहेर येऊन बसले. एवढंच लिहिते. यापेक्षा जास्त लिहिलं तर ते तुझ्यासारखं होईल.

कोल्हे आहेत रे ते. ज्या आवाजाने पेंचमध्ये तुझ्या अंगावर काटा आला, जो तू जन्मात विसरणार नव्हतास, तो घरी येऊन दोन महिन्यांत तू कुत्र्यांच्या खात्यावर टाकलास. तिकडे जाऊन ऐकलंस तेव्हा ते रान होतं, इथे ते निशिगंधाच्या झोपेला झालेला त्रास.

आता मीटिंग. क्लबहाऊस भरलं होतं. कुत्र्यांचा विषय असला की लोक येतात. चांगदेवशेठ मध्यभागी, शेजारी त्यांची आई ठमाबाई. मी उभी राहिले आणि म्हटलं, "सेक्रेटरींनी मला त्यांचं लिहिलेलं वाचायला सांगितलं आहे." आणि वाचलं. ड्रॉवरमधलं नाही. डिसेंबरचं वाचलं, तुझ्या कोल्ह्यांचं, 'मनात राहिले ते कोल्हे'पासून 'त्यांनाच उपरे म्हणतो'पर्यंत. ते पान मी बरोबर आणलं होतं.

लोक एकमेकांकडे बघायला लागले. चांगदेवशेठ म्हणाले, "ताई, हे पेंचचं आहे. आपला विषय कुत्र्यांचा."

मी म्हटलं, "तिवरांत जे आहे ते हेच आहे. मी रोज बघते."

ठमाबाई पानाचा तोबरा सावरत म्हणाल्या, "कोल्हंच हायेत ती. माजी बदकं खाल्लीत मेल्यांनी."

"आये, मग आधी नाय का बोललीस?"

"तू मना इचारलंस कंदी?"

मग एकच गोंधळ. एक बाई म्हणाल्या, "कोल्हे लिफ्टने वर येतात का?" एक गृहस्थ म्हणाले, "जाहिरातीत टाकता येईल. वाइल्डलाइफ व्ह्यू." एका तरुणाने सांगितलं, काही असो, भाई, फ्लडलाइट तर लावूच.

तेव्हा मी त्यांना कायदा सांगितला. हा रक्षित वन्यप्राणी आहे. गाडी बोलावून त्याला पकडलं तर गुन्हा होईल आणि विचारणा ज्याची अर्जावर सही आहे त्याला होईल. पहिली सही माझ्या भावाची. तो सध्या जंगलातच आहे, तिथून थेट घेऊन जाता येईल.

चांगदेवशेठ घाम पुसत म्हणाले, "ताई, दुसरी सही माझी हाय."

अर्ज फाडला. फ्लडलाइट रद्द झाले. ठमाबाई जाताना म्हणाल्या, "वाचतेस चांगली गो. पन माज्या बदकांचा काय?"

कुंड्यांना पाणी घातलं आहे. तुळस मेली होती, ती मी येण्याआधीच. काच उघडी ठेवून जाते. बंद करू नकोस.

रतन


बाळकुम, ठाणे
१६ मार्च २०२५

ती. रतनताईस,

ताई, तू माझी काय अवस्था करून ठेवलीस याची तुला कल्पना नाही. गेटवर वॉचमन मला 'कोल्हेवाले साहेब' म्हणतो. चांगदेवशेठ दोन दिवस बोलले नाहीत. पार्किंगचं तर विसरूनच जा.

कान्हा अप्रतिम. वाघ दिसला नाही, पण जाणवला. सगळीकडे जाणवत होता. एक कोल्हा जिप्सीला आडवा गेला. साईनाथने लेन्स उचललीसुद्धा नाही, म्हणाला, "भैया, आगे लो, कोल्हाच आहे." आम्ही पुढे गेलो. घरी येऊन तुझं पत्र वाचलं तेव्हा ते आठवलं.

पण मी खिलाडू माणूस आहे. त्याच संध्याकाळी बाल्कनीत बसलो आणि मला दिसले! दोन्ही! ताई, आपल्या घरातून! निशिगंधाने व्हिडिओ काढला, तो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला आणि आता चित्र पालटलं आहे. चांगदेवशेठ स्वतः चहाला आले. साईनाथ लेन्स घेऊन आला. पोरं विचारतात, काका, कधी दाखवणार? मी ठरवलंय, दर शनिवार-रविवारी मागच्या भिंतीपाशी 'क्रीक सफारी'. मार्गदर्शक मी. लोकांमध्ये जागृती व्हायला पाहिजे. हे सगळं तुझ्यामुळे, हे मी सांगतो सगळ्यांना. म्हणजे सांगणार आहे.

तुझा,
त्र्यंबक


डोंबिवली (पूर्व)
२५ मार्च २०२५

चि. त्र्यंबक,

मी तुला काच उघडी ठेवायला सांगितलं होतं. दुकान उघडायला नाही.

मला ते दिसले, कारण मी गप्प बसले होते आणि एकटी होते. तुला यातली एकही गोष्ट जमत नाही, हे मी तुझ्या पाळण्यापासून बघते आहे. लोकांना दाखवायचे असतील तर तुझे पेंचचे फोटो दाखव. त्यात गवत भरपूर आहे.

भिंतीपाशी गर्दी करू नकोस. एवढं ऐक.

रतन


बाळकुम, ठाणे
२० मे २०२५

ती. रतनताईस,
सा. नमस्कार.

उशीर झाला, पण मी फार बिझी होतो. क्रीक सफारीला तुफान प्रतिसाद! सुरुवातीला आमचीच विंग यायची, मग शेजारच्या टॉवरची माणसं यायला लागली. भिंतीला लागून प्लॅस्टिकच्या खुर्च्या टाकल्या, मागे मुलांसाठी स्टूल. निशिगंधाचे बटाटेवडे. मी माइकवरून माहिती देतो आणि चांगला टॉर्च घेतलाय, त्याने नेमकं जनावर दाखवता येतं. साईनाथने मटणाचे तुकडे टाकून त्यांना अगदी भिंतीपर्यंत आणलं होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या! 

गेले काही दिवस मात्र कोल्हे येत नाहीत. आवाजही नाही. मला वाटतं, उन्हाळ्यामुळे स्थलांतर करत असावेत. मागच्या शनिवारी लोक दोन तास बसले आणि वडे खाऊन गेले. एकाने चक्क विचारलं, "काका, खरंच होते ना, की व्हिडिओ कान्ह्याचा होता?" ताई, मला फार लागलं ते.

तुझ्या कोर्टातल्या ओळखीत कोणी वनखात्यातलं आहे का? परत कसे बोलवायचे, विचारायचं होतं.

तुझा,
त्र्यंबक


डोंबिवली (पूर्व)
२ जून २०२५

चि. त्र्यंबक,

कोल्हे स्थलांतर करत नाहीत. ते तुझ्यापासून पळाले.

फ्लडलाइट नको म्हणून मी तुझ्या सोसायटीशी भांडले. मला माहीत नव्हतं की तू स्वतः दिवा हातात घेऊन उभा राहणार आहेस. कुत्री समजून तू त्यांना पकडायला निघालास, तेव्हा निदान ते तिवरांत राहत तरी होते. कोल्हे आहेत हे कळल्यावर तू इतकं प्रेम केलंस की त्यांना घर सोडावं लागलं.

मला काय मिळालं होतं आणि तू काय घालवलंस हे सांगायला माझ्याकडे शब्द आहेत, पण ते लघुलेखनातले आहेत, तुला वाचता येणार नाहीत.

कुणालाही विचारू नकोस. परत बोलवायचा उपाय मला माहीत आहे. खुर्च्या उचल, माइक ठेवून दे, साईनाथचं मटण त्याच्या घरी शिजू दे. तेवढ्याने भागणार नाही, पण सुरुवात कर.

रतन


बाळकुम, ठाणे
२८ सप्टेंबर २०२५

ती. रतनताईस,
सा. नमस्कार.

जूनपासून तू फोन उचलत नाहीस. म्हणून पुन्हा पत्र.

खुर्च्या उचलल्या. माइक क्लबहाऊसमध्ये आहे, भजनी मंडळाला दिला. तरी भिंतीपाशी कोणी ना कोणी जातंच गं. व्हिडिओ सगळीकडे फिरलाय, लोक टॉर्च घेऊन येतात, मी कोणाकोणाला अडवू? कोल्हे आलेले नाहीत. संध्याकाळी मी बाल्कनीत बसतो. निशिगंधा म्हणते, आता झोप लागते, पण चांगली नाही लागत.

भाऊबीज जवळ आली. यंदा काही बनवाबनवी नाही. नोव्हेंबरमध्ये काझीरंगा. आधी विमान, मग गाडी, मग जिप्सी. गेंडे, हत्ती, रानरेडे. तुझी जागा सगळ्यात आधी लिहिली. खिडकीची. साईनाथने विचारलं, त्याला मी नाही म्हटलं. तोंडावर. पार्किंग गेलं खड्ड्यात. ताई, ये. खरंच ये. ड्रेस आहेत ना अजून?

तुझा,
त्र्यंबक


डोंबिवली (पूर्व)
६ ऑक्टोबर २०२५

चि. त्र्यंबक,

अनेक आशीर्वाद. या वेळी मनापासून, कारण तू साईनाथला नाही म्हटलंस. ते पत्रातलं वाक्य मी दोनदा वाचलं. खोटं वाटलं नाही.

तरी माझी जागा साईनाथला दे.

चकित होऊ नकोस. त्याची लेन्स, चांगदेवशेठ, आणि टॉर्च घेऊन भिंतीपाशी जाणारे जेवढे असतील तेवढे सगळे गोळा कर. जिप्सी पुरणार नाही, बस कर. क्रीक सफारीत ज्यांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना आधी घे. काझीरंगा खूप लांब आहे ना? फार चांगलं. जितकं लांब तितकं बरं. कोणी विचार बदलायला लागला तर गेंड्याबद्दल तू हातभर अंतरावरून जे सांगशील ते सांग.

घर मी सांभाळते. मला दुसरी ओवाळणी नको. तुम्ही सगळे जा, एवढीच दे.

रतन


बाळकुम, ठाणे
१७ नोव्हेंबर २०२५

चि. त्र्यंबक,

हेही रागीट वाघाखालीच लावते.

तुमची बस विमानतळाकडे गेली त्या दिवशी सोसायटी इतकी शांत झाली की पाण्याच्या पंपाचा आवाज मला पहिल्यांदा ऐकू आला. ठमाबाई मागे राहिल्या आहेत. त्या म्हणाल्या, "बरं झालं गेलं एकदाचं. कान किटले व्हते." मग खुर्ची घेऊन माझ्याकडे वर आल्या. रोज येतात. आम्ही बोलत नाही. त्यांना बदकांची आठवण येते, मला काही विचारायचं नसतं. ड्रेसचा रंग त्यांना आवडलेला नाही.

पहिले काही दिवस बांधावर फक्त बगळे होते. मी तुला मनातल्या मनात बरंच काही म्हटलं, ते इथे लिहीत नाही.

काल ऊन उतरताना ते आले. दोघं नव्हते, तीन. तिसरं यंदाचं, शेपटी अजून भरलेली नाही. बांधावर अर्ध्यात थांबून त्याने भिंतीकडे बघितलं आणि पळायला निघालं. मग मोठ्याने चिखलात तोंड घातलं, तेव्हा ते परत फिरलं. ठमाबाईंनी माझा हात दाबला. "त्या मोठ्यानीच खाल्ली बदकं," असं हळूच म्हणाल्या, पण हात सोडला नाही. अंधार पडल्यावर एकाने सूर लावला.

फोटो काढलेला नाही. व्हिडिओही नाही. तू आल्यावर मला विचारशील, किती अंतरावर होते. सांगणार नाही.

ओवाळणी पोचली. काझीरंगा मोठं आहे म्हणतात. सावकाश बघा, एखादा गेंडा राहून गेला असेल तर परत फिरून जा. इकडे कुंड्या ठीक आहेत. परतीची घाई करू नका.

रतन